सूचना पाळल्या नाहीत

मालेगाव (जहांगीर)
रविवार, दुपारी

प्रिय तौसीफ,

तू माझा फोन उचलत नाहीस, याबद्दल मी तक्रार करणार नाही. पहिले सहा महिने मी ती अम्मीजवळ करत होते. अम्मी भाकरी थापता थापता दर वेळी एवढेच म्हणायची, "तेरे पास बोलने को है क्या, वो सोच पहले." तेव्हा ते उत्तर मला अडाणी वाटले होते. आता वाटत नाही. बोलण्यात मी जन्मभर घाई केली. लिहिताना निदान वाक्य पुरे होईपर्यंत थांबावे लागते. आपल्या घरात मराठी कोणी बोलत नाही, परंतु आपण दोघेही शिकलो ते मराठी शाळेत, आणि या भाषेत मी तुझ्यावर कधी ओरडलेले नाही. म्हणून हे पत्र मराठीत लिहिते आहे. जालन्याचा पत्ता उजमाकडून आला. तुझ्या बायकोवर रागावू नकोस. तिने तो अम्मीला लिहून पाठवला होता, मी अम्मीच्या पिशवीतून तो उतरवून घेतला.

आधी घरची खबर. अम्मीच्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन वाशिमला झाले आणि चांगले झाले. घरी पट्टी निघाल्यावर तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "तेरे बाल इतने सफेद कब हुए?" मग खोलीभर नजर फिरवून म्हणाली की भिंती तर तिला वाटत होत्या त्याहून फारच मळक्या आहेत, आणि इतके दिवस झाडलोटीच्या बाईला उगीच शाबासकी दिली. हसली. त्यानंतर दाराकडे पाहत राहिली. ती कोणाला शोधत होती, हे सांगण्याची गरज नाही. दोन वर्षे होत आली, तौसीफ. अब्बांना जाऊन तीन दिवस झाले, त्या जियारतीच्या दिवशी, आपल्या अंगणात, नातलग आणि अर्धा मोहल्ला बसलेला असताना मी तुला जे बोलले, त्यानंतर तू दुकानाला कुलूप लावलेस, उजमाला आणि मुलींना घेऊन गेलास, आणि या घराचा उंबरा पुन्हा ओलांडला नाहीस. माझे ते वाक्य गावाने जसेच्या तसे जपून ठेवले आहे. "सामने बैठ के मरने दिया तूने अब्बा को. शरबत पिला के." आजही कोणाच्या घरी कोणी घाम येऊन खाली बसले की म्हणतात, शफीकमियाँचे केले तसे करू नका, त्यांच्या पोराने साखर पाजत बसवले होते. गाव असे म्हणते हे मला ठाऊक आहे. तूही स्वतःबद्दल तेच मानत असशील, ही माझी भीती आहे. ते खोटे आहे, हे तुला पटवून द्यायचे आहे, आणि त्यासाठी मला बरेच काही लिहावे लागेल.

काल मी दुकान उघडले. किल्ली अम्मीकडेच होती. शटर वर जाताना इतके कुरकुरले की समोरचा पानवाला धावत बाहेर आला. आत सारे तू ठेवले होतेस तसे आहे: दुरुस्तीला आलेले तराजू खुंट्यांवर, पारडी एकात एक घातलेली, वजने मोठ्याकडून लहानाकडे. धूळ सोडली तर नाव ठेवायला जागा नाही. हे मी अब्बांच्या हयातीत तुला एकदाही म्हटले नाही. आणि गल्ल्याच्या वरच्या भिंतीवर तो पुठ्ठा अजून चिकटवलेला आहे. अक्षर माझे आहे. अब्बा गेले त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांची साखर दोनदा एकाएकी खाली गेली होती, तेव्हा मी नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून रजा घेऊन येऊन तो लिहिला होता आणि तुझ्याकडून तीनदा मोठ्याने वाचून घेतला होता: "घाम सुटला, हात थरथरले, तर आधी साखर. पंधरा मिनिटे थांबून पाहा. मग मला फोन." खाली मी रेघही ओढली होती. चाळीस वर्षांच्या माणसाकडून मी शाळेतल्यासारखे पाठ करून घेतले, आणि अब्बा स्टुलावर बसून हसत होते, "कर ले बाबा याद, नहीं तो मॅडम छडी निकालेगी."

शटर उघडे पाहून किन्हीराजा गावचे मारोतराव आत आले. त्यांचा धान्य मोजायचा काटा वर्षानुवर्षे अब्बांकडेच यायचा. दारातूनच विचारले, "कोन, तौसीफ आला का?" मला पाहून चेहरा पडला. तरी बसले. मग जे बोलले ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांवर तू विश्वास ठेवावास असे मी काही केलेले नाही. "बाई, राग नका मानू, पन त्या रोजी तुमी बोलल्या ते बराबर नोतं. म्या होतो ना इथीच. शफीकभाईले घाम सुटला, तं तुमच्या भावानं हातातलं काम टाकलं. साखरेचं पानी देल्लं. तो पुठ्ठा वाचून राह्यला होता, घडी पाहून राह्यला होता. दोनदा इचारलं, अब्बा छातीत दुखते का. ते म्हने, कुछ नहीं रे, गॅस है. मलेच म्हने, मारोतराव, तुमचा काटा तेवढा घेऊन जा. हासत होते. आता सांगा, हासत्या मानसाले कोन दवाखान्यात नेते?" मग त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि विचारले, "तुमी तरी काहून एवढं बोलल्या त्याले?" या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना दिले नाही.

तू पुठ्ठ्यावर लिहिले होते ते अक्षर न अक्षर केलेस. साखर दिलीस, पंधरा मिनिटे थांबलास, बरे वाटत नाही म्हटल्यावर रिक्षा बोलावलीस आणि मला फोन केलास. ग्रामीण रुग्णालयात ईसीजीची पट्टी काढली, तेव्हा डॉक्टर म्हणाले की झटका मोठा आहे आणि काही तासांपूर्वीचा आहे. म्हणजे ते सकाळी दुकानात आले, मारोतरावांशी थट्टा करत होते, तेव्हाच तो येऊन गेलेला होता. वाशिमला नेताना वाटेत संपले. अब्बांना छातीत कळ का आली नाही, हे सांगण्यासाठी मला त्या वर्षाच्या जानेवारीकडे जावे लागेल. किन्हीराजाच्या शाळेत मी तपासणी घेतली, ती तुला आठवत असेल. अब्बांच्या घोषणा तर नक्कीच आठवत असतील. गिऱ्हाइकाचा काटा दुरुस्त झाला तरी तो हातात न देता ते म्हणत, "पहले बोलो, इतवार को आते क्या? मेरी बेटी दिल की चाल का हिसाब करने आ री नागपूर से." एकशे बारा माणसे आली. माझ्या कोणत्याही पदवीने ती आली नसती.

मी तिथे काय मोजत होते, हे तू कधी विचारले नाहीस आणि मीही कधी नीट सांगितले नाही. तुला समजणार नाही असे मी परस्पर ठरवून टाकले होते. ते असे आहे. नाडी घड्याळासारखी एकसारखी चालली म्हणजे उत्तम, असे लोक मानतात. वस्तुस्थिती उलट आहे. निरोगी माणसाच्या दोन ठोक्यांमधले अंतर सतत किंचित कमीजास्त होत असते. श्वास आत घेताना ठोके जरा घाईने पडतात, सोडताना सावकाश. मेंदूकडून येणाऱ्या बारीक नसा हृदयाला क्षणाक्षणाला काही सांगत असतात आणि हृदय त्याप्रमाणे चाल बदलत असते. पुष्कळ वर्षे साखर वाढलेली राहिली की या नसा झिजतात. मग कोणी काही सांगायला उरत नाही, आणि हृदय एकाच चालीने चालत राहते. हृदयाचे दुखणे वर कळवणाऱ्या नसाही त्यांच्याबरोबर जातात. अशा माणसाला झटका आला तरी कळ येत नाही. घाम येतो, मळमळते, गॅस वाटतो. हे मी बारा वर्षे शिकवते आहे. परीक्षेत हा प्रश्न मी स्वतः काढला आहे, आणि ज्याने अर्धवट लिहिले त्याला एक गुणही वाढवून दिलेला नाही.

त्या रविवारी सकाळी खोलीबाहेर माणसे जमली, पण आत यायला कोणी तयार होईना. छातीला तारा लावणार म्हटल्यावर बायका तर पारच मागे सरकल्या. तेव्हा अब्बा पुढे आले. इस्त्रीचा पांढरा कुर्ता, ईदची टोपी. "पहले मैं बैठता. मैं उठ के आया तो समझना जिंदा छोडती." सगळे हसले. अशा रीतीने माझ्या नोंदवहीत क्रमांक एक अब्बांचा आहे: शफीक, वय चौसष्ट, मधुमेह एकोणीस वर्षे. चाचणी सोपी असते. एका मिनिटात सहा श्वास घ्यायचे, पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर, आणि यंत्र ठोक्यांमधला फरक टिपते. श्वास खरोखर तेवढा खोल जातो आहे की नाही, हे पाहायला छातीभोवती एक पट्टा बांधतात. तो पट्टा मी नागपूरला विसरले होते. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नव्हती. विसरणे माझ्याकडून होत नाही, अशी माझी ख्याती आहे. म्हणून मी ठरवले की पट्टा नसला तरी चालेल, माझी नजर पुरेशी आहे.

अब्बांनी श्वास घेतले. पडद्यावरची ठोक्यांतल्या फरकाची रेघ हलली नाही. मी म्हटले, नीट घ्या. त्यांनी पुन्हा घेतले. रेघ तशीच. त्यांचा कुर्ता ढगळ होता, छाती किती हलते ते दिसत नव्हते, आणि मला ते पाहायचेही नव्हते, कारण अब्बा सूचना पाळत नाहीत हे मला लहानपणापासून ठाऊक होते. जिलेबी लपवून खाणारा माणूस श्वासही लपवूनच घेणार. बाहेर खिडकीत माणसे वाट पाहत होती आणि माझा आवाज चढत गेला. अब्बांनी मान वळवून पडदा पाहिला. "तेरी मशीन का काटा जाम है क्या? जो काटा हिलताच नहीं, वो सही नहीं रहता बेटा, अटका हुआ रहता. खोल के देखूँ?" खिशातून त्यांनी बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढलाही. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. म्हटले, मशीन ठीक आहे, तुम्ही ठीक करत नाही आहात. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून, ओठ घट्ट करून, नापास होऊ घातलेल्या मुलासारखा श्वास घेतला. "ले तो रहा हूँ, बेटा." रेघ सरळच राहिली. मी तारा काढल्या आणि क्रमांक एकच्या पुढे लाल शाईने लिहिले: "सूचना पाळल्या नाहीत. वगळावे." ते बाहेर गेले आणि लोकांना म्हणाले, "मैं तो फेल हो गया. तुम लोग अच्छा करो."

त्या दिवशी असे पाच जण मी वगळले. उरलेल्या एकशे सातांवर माझा शोधनिबंध झाला, आणि नोंदी किती स्वच्छ आहेत याबद्दल त्याची स्तुतीही झाली. अब्बांनी तो निबंध दुकानात ठेवला होता. त्यांना त्यातले काही वाचता येत नव्हते. माझे नाव तेवढे ते बोटाने दाखवत. गेल्या पावसाळ्यात आकडेमोडीत मदत करणाऱ्या एका सहकाऱ्याने सहज विचारले की वगळलेल्या पाचही जणांचा मधुमेह पंधरा वर्षांहून जुना कसा काय? सूचना न पाळण्याचा आणि आजार किती जुना याचा काय संबंध? मी त्याला काहीतरी तुटक बोलून गप्प केले. पण नंतर पट्टा घेऊन एकटीच किन्हीराजाला गेले. त्या पाचांपैकी एक मारोतरावांची बायको तुळसाबाई. तिला ओसरीवर बसवले, पट्टा बांधला, श्वास घ्यायला सांगितले. पट्टा सांगत होता, श्वास अगदी हवा तसा चालला आहे: पाच सेकंद आत, पाच बाहेर. आणि ठोक्यांतल्या फरकाची रेघ सरळ. मी त्या रेघेकडेच पाहत होते, तेव्हा तीच म्हणाली, "मी त्या रोजीबी घेतलाच होता, बाई. तुमीच म्हनल्या का घेतला नाई. येवढी शिकेल बाई म्हनते, तं म्या म्हनलं, नसंन घेतला." तिच्यावर आता नागपूरला उपचार चालू आहेत. उरलेल्या तिघांपैकी दोघांना शोधून मी तपासून घेतले. एकाचे घर सापडले तेव्हा त्याला जाऊन वर्ष झाले होते. घरच्यांनी सांगितले, काहीच दुखत नव्हते, जेवता जेवता गेले.

म्हणजे अब्बांच्या मरणाची सूचना आठ महिने आधी माझ्या वहीत होती, माझ्याच हाताने वगळलेली. ती मी वाचली असती, तर एका आठवड्यात त्यांना नागपूरला नेता आले असते, हृदयाच्या नळ्या तपासता आल्या असत्या, आणि तुझ्या त्या पुठ्ठ्यावर मी वेगळे वाक्य लिहिले असते: घाम सुटला तर कळ नसली तरी थेट दवाखाना. अब्बा जगले असतेच, असे मी म्हणणार नाही. तेवढी खात्री माझ्या शास्त्राला नाही. पण संधी होती, आणि ती माझ्याजवळ होती. तुझ्याजवळ फक्त मी लिहून दिलेला पुठ्ठा होता.

परवा जुम्म्याच्या नमाजानंतर मी त्याच अंगणात त्याच माणसांना बोलावले आणि हे सारे सांगितले. वही दाखवली. लाल शाईचे ते शब्द मोठ्याने वाचले. तौसीफची काही चूक नव्हती, चूक माझी होती, हे तीन वेळा म्हटले. मला वाटले होते, लोक उठून जातील. कोणी गेले नाही. मामूंनी डोळे पुसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "गलती इन्सान से होती, बेटा. तूने कौन सा जान के किया." बायकांनी मला चहा दिला. अम्मी तेवढी नव्या डोळ्याने माझ्याकडे पाहत राहिली. तो चहा मी प्यायले. ते सांत्वन मी घेतले. आणि घेता घेता मला कळले की जे सांगितले ते सोपे होते.

उरलेले तुलाच सांगायचे आहे, आणि हे पत्र त्याचसाठी आहे. सहकाऱ्याचा प्रश्न, किन्हीराजाची ओसरी, तुळसाबाईचा पट्टा, यांतून मला सत्य उमगले असे मी वर लिहिले, असेच परवा अंगणात सांगितले. ते खरे नाही. ते फक्त पुरावे होते. अब्बा गेले त्या दिवशी नागपूरहून येताना, शेलूबाजारला मोठ्या रस्त्यावरून खाली उतरण्याच्या थोडे आधी, तुझा दुसरा फोन आला. तू रडत होतास आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतास: "आपा, दर्द तो बताया ही नहीं उन्होंने." त्या क्षणी ती सरळ रेघ माझ्या डोळ्यांपुढे आली. मला सगळे कळले, तौसीफ, सगळे. गाडी मालेगावला पोहोचण्याच्या आत. तीन दिवस मी ते कोणाशी बोलले नाही. मग जियारतीला मामूंनी सहज विचारले, "घर में इतनी बडी डॉक्टर होते हुए ये कैसे हुआ?" प्रश्न मला होता. सगळे माझ्याकडे पाहत होते. तू कोपऱ्यात पाण्याचे ग्लास भरत होतास. मी तुझ्याकडे बोट केले आणि ते वाक्य बोलले, आणि बोलताना मला माहीत होते की ते खोटे आहे. तू मान खाली घातलीस, मला उलटून एक शब्दही बोलला नाहीस, कारण आपा शिकलेली आहे, आपाला माहीत असणार. तुला माझ्यावरचा हा विश्वास दोन वर्षे जाळत राहिला. मी क्षमा मागत नाही. हे पत्र तू अम्मीला, मामूंना, ज्याला हवे त्याला वाचून दाखव. अब्बांना वाचवणे माझ्या हातून राहून गेले, ती चूक होती. तुला वाचवणे त्या दिवशी एका वाक्याने माझ्या हातात होते, आणि ते मी केले नाही. ती चूक नव्हती.

तू म्हणशील तरच तुझीच,
आपा